नऊ हजारांचं पाकीट

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.

आज घरात ऐतिहासिक घटना. मोहिनीने घरखर्च वाढवून मागितला. नऊचे अकरा हजार करा म्हणे. तेल महागलं, डाळ महागली, चंदन दहावीला आहे, त्याला भूक फार लागते. दहावीचा आणि भुकेचा संबंध मला कळला नाही. भूक मलाही लागायची, पण आमच्या गावी, पहूरला, ती कोणी बजेटमध्ये धरली नव्हती.

मी शांतपणे म्हणालो, "पैसे कमी नसतात मोहिनी, नियोजन कमी असतं." वाक्य इतकं झकास बाहेर पडलं की मी ते लगेच पुन्हा एकदा म्हटलं.

तिने नऊ हजारांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, मग हा महिना तुम्हीच चालवा. खरेदी तुमची, मेनू तुमचा, भाजी-आमटीही तुमची. भाकरी आई टाकतील. नऊ हजारांत भागलं तर वाढीचं नाव काढणार नाही. नाही भागलं तर अकरा हजार, आणि किराण्याच्या बिलावर तुम्ही जन्मात तोंड उघडायचं नाही.

मी हसलो. पाइपच्या कंपनीत चौदा वर्षं स्टोअर सांभाळतोय. दोन गोडाऊन माल तोंडपाठ आहे. चार माणसांची तूरडाळ काय चीज आहे!

मोहिनी म्हणाली, मला वेळ मिळेल तर मी मेथीचे लाडू करून विकून बघते. बघ म्हटलं. बायकांना विरंगुळा हवाच.

२ डिसेंबर, सोमवार.

ऑफिसात एक्सेलवर महिन्याचा मेनू केला. रंगीत प्रिंट काढली, फ्रिजवर चिकटवली. सोमवार खिचडी. मंगळवार पिठलं. बुधवार खिचडी, पण वेगळी. नाश्ता रोज केळी. जळगावात राहून पोह्यांवर पैसे घालवणं म्हणजे जिल्ह्याचा अपमान आहे.

आईने प्रिंट लांब धरून पाहिली. विचारलं, हे कोनाच्या दवाखान्यातून आनलं?

संध्याकाळी गौतमचंद शेठच्या दुकानात. मोहिनी म्हणे तेल लिटर-लिटर नेते. मी पंधरा लिटरचा डबा घेतला. डब्यात लिटरमागे रेट कमी पडतो, हे स्टोअरमधलं पोरगंही सांगेल. शेठ म्हणाले, भाभी नाही आल्या? तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, मॅनेजमेंट बदललंय. शेठनी मला चहा पाजला. अशा ओळखी मोहिनीने इतक्या वर्षांत वापरल्याच नाहीत.

५ डिसेंबर, गुरुवार.

पहूरहून चुलतभाऊ झुलाल आला. केळीचे दोन घड टाकून गेला. फुकट! नाश्त्याचा खर्च शून्य. एक्सेलमध्ये हिरवा रंग दिला.

७ डिसेंबर, शनिवार.

दोन्ही घड एकाच दिवशी पिकले. हे केळ्यांचं नियोजन चुकलं, माझं नाही. सकाळी केळी, दुपारी शिकरण, रात्री खिचडीबरोबर केळी. चंदन जेवणाच्या वेळेला मित्राकडे अभ्यासाला जाऊ लागलाय. दहावीचं गांभीर्य आलं एकदाचं. आई म्हणाली, "मले आता केयी दाखवू नको बापा." वयानुसार चव जाते.

मोहिनीने लाडू वळायला घेतले. डिंक, खोबरं, तूप. घरभर वास. एक उचलायला गेलो तर म्हणाली, ऑर्डरचा माल आहे. कसली ऑर्डर? अजून एकही गिऱ्हाईक नाही.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.

मास्टरस्ट्रोक! पहाटे बाजार समितीत गेलो. भरताची हिरवी वांगी, लिलावात अख्खा कट्टा घेतला, पोतंभर. किरकोळमध्ये त्या पैशात चार-पाच किलो आली असती. खानदेशात थंडीत भरितापेक्षा स्वस्त जेवण नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कट्ट्याच्या पातळीवर विचार करायला माणूस स्टोअरचा लागतो. एकदा भाजायचं, चार दिवस खायचं. गॅसही नाही लागणार. मागच्या रिकाम्या प्लॉटवर कपाशीच्या काड्या पेटवून भाजणार.

आईने कट्टा पाहिला. "येवढे वांगे कोनासाठी आनले रे? कोनाचं लगन आहे का?"

८ डिसेंबर. रात्री.

धूर.

या एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. काड्यांवर वांगं भाजल्याचा वास अख्ख्या कॉलनीला गेला. जळगावात प्लॉटवर आर, म्हणजे काड्यांचा विस्तव, पडला की तो कोणाच्या घरच्या जेवणाचा नसतो, पार्टीचा असतो. आमंत्रण द्यावं लागत नाही. पहिले बन्सीलालभाऊ आले, शेजारचे. स्वतःची खुर्ची घेऊन. मग पुष्पाबाई आल्या, महिला मंडळासह. सगळ्यांनी एकच विचारलं, आम्हाला आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, सांगणारच होतो. दुसरं काय म्हणणार? चार जणांपुरतंच आहे म्हणालो असतो तर आईने मलाच आरात टाकलं असतं.

त्यातच बन्सीलालभाऊंनी फोटो काढून स्टेटसला ठेवला. दोन तासांत धुळ्याहून माझी बहीण कामिनी आणि दाजी हजर. दाजी, म्हणजे हिलालराव, गाडीतून उतरतानाच म्हणाले, "आज बठ्ठं भरीत मनं शे." म्हणजे सगळं भरीत त्यांचं. त्यांनी शब्द पाळायचा बराच प्रयत्न केला.

वांगी स्वस्तच होती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. पण भरितात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, आणि वरून कढईभर तेल. मी म्हटलं, बरोबर भाकरी पुरे. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "भरीतासंगं पुरी नाही? लोकं काय म्हनतीन?" लोकं तोपर्यंत काही म्हणत नव्हती. मग म्हणू लागली. पुऱ्या झाल्या. तेलाच्या डब्याचा तळ मी आज प्रथमच पाहिला. स्वच्छ आहे.

शेवटी मोहिनीने ताटभर मेथीचे लाडू फिरवले. भरितावर लाडू! उधळपट्टीला काही सीमा? पण तिचा माल, तिचं नुकसान. मी मध्ये पडलो नाही.

९ डिसेंबर, सोमवार.

थंड डोक्याने विचार केला. कालचा खर्च स्वयंपाकाचा नव्हताच. तो जनसंपर्क. एक्सेलमध्ये वेगळं शीट उघडलं. स्वयंपाक अजूनही बजेटमध्ये आहे. मनावरचं ओझं उतरलं.

चार दिवसांचं भरीत उरलं नाही. चार चमचेही नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

पाकीट रिकामं. म्हणजे ज्यात पैसे होते ते पाकीट रिकामं. व्यवस्था मजबूत आहे.

माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्यात माझे नवीन मोबाइलसाठीचे पैसे आहेत. कोणालाही माहीत नाही. दिवाळीपासून जमवतोय. त्यातून तात्पुरती उचल केली. कंपनीतही एका डिपार्टमेंटचं सामान दुसऱ्याला देतात, त्याला कोणी तोटा म्हणत नाही.

पुष्पाबाईंनी पाच किलो लाडू सांगितले. भरिताच्या रात्री चाखले होते म्हणे. बन्सीलालभाऊंच्या सुनेला बाळंतपणासाठी हवेत. धुळ्याहून कामिनीचा फोन, तिच्या अख्ख्या गल्लीला पाहिजेत. हॉलमध्ये आता बसायला जागा नाही. मी डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर खिचडी खाल्ली.

१७ डिसेंबर, मंगळवार.

शेवभाजी केली. भाजीचा खर्च शून्य, कारण त्यात भाजीच नसते. अशी कल्पक डिश खानदेशाबाहेर कोणाला सुचली नसती. रस्सा पातळ केला, शेव कमी टाकली. चंदन म्हणाला, पप्पा, शेव कुठे आहे? मी म्हटलं, चव घे, नजर लावू नको. त्याने चव घेतली आणि मित्राकडे अभ्यासाला गेला.

दुपारी कंपनीबाहेर दोन कचोऱ्या खाल्ल्या. बाजारभावाचा अभ्यास म्हणून. एका कचोरीवरून अंदाज येत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार.

संकल्प: आजपासून चहा निम्म्या साखरेचा.

२१ डिसेंबर. संध्याकाळी.

आई गल्लीतल्या झुंबरबाईंकडे चहाला गेली आणि तिथेच जेवून आली. झुंबरबाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, भाऊ, घरी सगळं ठीक ना? कंपनीत काही झालं का? मी म्हटलं, प्रयोग चालू आहे. त्यांनी एक वाटी वरण दिलं. घेतलं. नाही म्हणणं बरं दिसत नाही. फार चांगलं होतं. खरं सांगायचं तर रडू आलं.

२६ डिसेंबर, गुरुवार.

मिक्सरच्या खोक्यात एक वीसची नोट आणि वॉरंटी कार्ड. हल्लीचे मोबाइल तसेही टिकत नाहीत. जुन्याची काच फुटली आहे, पण समोरच्याचा फोन येतो.

३१ डिसेंबर, मंगळवार.

अहवाल सादर केला. एकूण खर्च: आठ हजार नऊशे ऐंशी. (जनसंपर्क, बाजारभावाचा अभ्यास आणि आंतरविभागीय उचल वेगळ्या शीटवर आहेत. ती शीट मी प्रिंट केली नाही. कागद वाचवला.)

मोहिनीने नीट वाचला. वाटलं, खोट काढेल. तयारीत होतो. पण ती म्हणाली, जिंकलात तुम्ही. वाढीची मागणी मागे. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती.

मोठ्या मनाने मी मोहिनीला म्हटलं, उद्यापासून तू परत चालव. ती म्हणाली, छे! मला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते तुम्ही महिन्यात करून दाखवलं. आता तुम्हीच चालवायचं. संक्रांतीपर्यंत माझ्या तिळाच्या लाडवांच्या ऑर्डरी आहेत. आणि तुमच्या पगाराला हात लावू नका, तो चंदनच्या क्लासला राहू द्या. घरखर्च मी देईन.

घरखर्च बायको देणार! असा करार जळगावात आजवर कोणी केला नसेल.

जाता जाता म्हणाली, माळ्यावरून ते मिक्सरचं खोकं काढून द्या, लाडू भरायला लागेल. रिकामं झालं असेल ना आता? 'आता' का म्हणाली, कोण जाणे.

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.

मोहिनीने पाकीट दिलं. मोजलं. नऊ हजार.

मी तिला समजावून सांगितलं. तेल महागलं. डाळ महागली. चंदन दहावीला आहे, त्याला भूक फार लागते. बाजाराचा महिनाभर अभ्यास करून बोलतोय, नऊचे अकरा तरी कर.

तिने परातीतून मानसुद्धा वर केली नाही. लाडू वळता वळता म्हणाली, "पैसे कमी नसतात हो, नियोजन कमी असतं."

आणि लगेच पुन्हा एकदा म्हणाली.

आज खिचडी.