माझं पोट साफ आहे

३ मार्च

...म्हणून गाडी पुन्हा पेट्रोल पंपावर घ्यायला लावली. ग्रंथपालबाईंनी इंडिकेटर दिला, नीट वळल्या. सर, टाकी तर मघाशीच फुल केली, म्हणाल्या. पंपावर गाडी लावणं हा वेगळा धडा आहे, असं सांगून तिथल्या संडासात पळालो. बाहेर येईपर्यंत त्यांनी रिव्हर्सचा सराव केला होता. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं यश अशा बारकाव्यांत आहे.

आतली गोष्ट: पुन्हा लाल. गेल्या आठवड्यात बीट खाल्लं होतं. विषय संपला.

६ मार्च

बीट खाऊन आठवडा उलटला. तरी लाल. बीट चिवट असतं.

बायकोने विचारलं, अहो, इतका वेळ आत करता काय? पेपर वाचतो, म्हणालो. पेपर इथे टेबलावर आहे, म्हणाली.

७ मार्च

सगळं सांगावं लागलं. तिने पेपरची घडी घातली. मग म्हणाली, तुमच्या बाबांनीही मूळव्याध, मूळव्याध करत वर्ष घालवलं होतं.

बाबांची गोष्ट वेगळी. त्यांना खरोखर आतड्याचा कॅन्सर होता.

१० मार्च

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. दुर्बीण घालून मोठं आतडं बघू, म्हणाल्या. कुठून, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं. विचारायला नको होतं.

घाबरू नका, म्हणाल्या. घाबरलंय कोण? बायकोला झोप लागत नाही म्हणून करून घेतोय. मलाही लागत नाही, पण ती तिच्या कुशी बदलण्यामुळे.

तारीख अठरा.

१७ मार्च, दुपार

आज फक्त आरपार दिसेल तेच प्यायचं. पाणी, गाळलेलं सूप. संकल्प: तोंडाला कुलूप.

पोट साफ करायच्या औषधाचा एक जग संध्याकाळी, दुसरा पहाटे. पण उद्या ग्रंथपालबाईंची लायसन्सची परीक्षा. शेवटचा तास बुडायला नको, म्हणून पहिला जग आत्ताच संपवला. संध्याकाळपर्यंत मोकळा. नियोजन म्हणतात ते हे.

१७ मार्च, संध्याकाळ

नियोजनात किंचित त्रुटी. भर चौकात, लाल सिग्नलला, उतरावं लागलं. सरळ जा, असं बाईंना ओरडून सांगितलं. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानदाराने मोठ्या मनाने आतली खोली दाखवली. बऱ्याच वेळाने बाहेर आलो. गाडी नाही. नव्या चपला घेऊन चालत घरी आलो. काहीतरी विकत घेणं भाग होतं.

गाडी दारात उभी. बाईंनी एकटीने आणून लावली होती. वहिनी, सर वाटेत कुठेतरी उतरले, एवढं सांगून गेल्या म्हणे. विद्यार्थ्याला मास्तरची गरज उरत नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

पोट आता आरशासारखं लख्ख. पहाटेचा जग अनावश्यक. बायको शेजारी गेली होती तेवढ्यात बेसिनमध्ये ओतला. दिवसभराच्या शिस्तीबद्दल स्वतःला चार बिस्किटं दिली. आरपार दिसत नव्हतं, पण पातळ होती.

१८ मार्च

दुर्बीण थोडी आत जाऊन थांबली. पुढे रस्ता बंद आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. दोन्ही जग प्यायलात ना? जवळजवळ, म्हणालो. जवळजवळ म्हणजे काय हो, बायकोने विचारलं. बिस्किटांचा विषय मी काढला नाही. दुर्बिणीने काढला.

उद्या पुन्हा.

घरी आल्यावर बायकोने जग भरला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. अहो, मला एकटीला टाकून जायचा विचार आहे का, म्हणाली. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

प्यायलो. केवळ तिच्या समाधानासाठी. पहाटेच्या जगालाही ती समोर बसणार आहे.

१९ मार्च

सकाळी तपासणी झाली. एक छोटी गाठ होती, ती तिथल्या तिथे काढली. साधीच दिसते, तरी तपासायला पाठवली आहे. वेळेवर आलात, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी कुठेच उशीर करत नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

बायको म्हणते, मी असं काही बोललोच नाही. भुलीतून उठल्यावर तिचा हात धरून रडलो, एवढंच.