‘मुकाम’ ही पाटी काढू नये

मी, पाट्या रंगवणारा पेंटर, वय एकोणपन्नास, देवाला स्मरून आणि पूर्ण शुद्धीवर हे लिहितो. कोणाचे दडपण नाही. गेल्या महिन्यात शिडीवरून पाय सटकला. हाड मोडले नाही, पण पुष्कळ वेळ आहे हा भ्रम मोडला.

पहिले. माझे स्वकष्टाचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला द्यावी. ती सज्ञान होईपर्यंत घराची किल्ली आणि व्यवहार तिच्या आईने पाहावा. तिची आई म्हणजे पूर्वीची माझी पत्नी.

यावर माझा धाकटा भाऊ बोलला आहे, म्हणून त्याचे बोलणे इथेच नोंदवतो. तो म्हणाला, “दादा, सोडून गेलेल्या बाईच्या हाती किल्ली देतोस?” मी म्हणालो, “ती मला सोडून गेली रे. मुलीला नाही.” त्याने पुन्हा विषय काढू नये. माझी लोखंडी शिडी त्याला द्यावी. लाकडी त्याने आधीच नेली आहे. त्याचा राग नाही, फक्त मला आठवते.

दुसरे. माझे ब्रश मुलीला. तिने रंगकाम केलेच पाहिजे असे नाही, पण ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून विसरू नयेत.

तिसरे, आणि मुख्य. या कागदावरून वाद झाला, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी कोणा मध्यस्थासमोर एका टेबलाशी बसावे. हे मी अनुभवाने सांगतो. आम्ही वेगळे झालो तेव्हा वकिलांच्या कागदांत ती अर्जदार झाली आणि मी सामनेवाला. मुलीचा ‘ताबा’ आईकडे आणि मला रविवारी ‘भेट’, असा मसुदा आला. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी, पण शब्द रंगवूनच पोट भरले आहे. ताबा दुकानाचा असतो. आणि भेटायला जातात ते दवाखान्यात. मी सही केली नाही. तिला वाटले, मी अडवतो आहे. वर्षभर आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो आणि लेक मधल्या मध्ये पिळून निघाली.

मग कोर्टाने आम्हाला मध्यस्थ बाईंकडे पाठवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भेट नको ना? मग दुसरा शब्द सांगा.” मला सुचेना. पत्नीच म्हणाली, “मुक्काम लिहा. पत्रावर लिहितात तसं. तिचे दोन पत्ते असतील, एवढंच.” मी हो म्हणालो. रविवारचे शनिवार-रविवार झाले, सुट्ट्या निम्म्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत भांडायला काही उरले नव्हते.

माझ्या घरी मुक्कामाला आल्यावर मुलीने स्वतःच्या खोलीसाठी पाटी रंगवली. घाईत एक ‘क’ राहिला आणि ‘मुकाम’ झाले. आयुष्यभर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पण तिथे ब्रश लावला नाही. कोणीही लावू नये. ती पाटी काढायची की नाही, हे मुलगी मोठी झाल्यावर ठरवील.

चौथे. मी गेल्यावर मुलीला या घरी एकटे वाटले, तर तिच्या आईने लागेल तितके दिवस इथे येऊन राहावे. देवाच्या घरी सगळ्यांचा मुक्कामच आहे. शेजारी विचारतील. त्यांना भेटीला आले असे सांगू नये.

लिहून देणार : पेंटर (सही)

साक्षीदार पहिला : शेजारचा शिंपी (सही)

साक्षीदार दुसरा : मुलीचे आजोबा, आईचे वडील (सही). “आता मी तुमचा कोण म्हणून सही करू?” असे त्यांनी विचारले. नाते मीच लिहून दिले आहे.

मुक्काम : वरील घर. वार सोमवार, सकाळी, मुलगी इथून शाळेत गेल्यावर.