साहेब गुरुवारी बोलणार

३ मार्च
देश अडचणीत असताना पंतप्रधानांचं भाषण लिहिणाऱ्याने रोजनिशी ठेवायलाच हवी. तिजोरीत परकीय चलन जेमतेम. अर्थसचिव बाई म्हणाल्या, महागड्या गाड्यांची आयात आजच थांबवा, नाहीतर औषधं आणायलाही डॉलर उरणार नाहीत. साहेबांना पटलं. कडक भाषण लिहून दिलं. गुरुवारी बोलतील.

६ मार्च, गुरुवार
बोलले नाहीत. घसा बसलाय. आता पुढच्या गुरुवारी. दुपारी गाड्यांचे व्यापारी भेटून गेले. त्यांच्याशी मात्र तासभर गप्पा. सर्वांना सांभाळून घ्यायचा स्वभाव, दुसरं काय. बायको म्हणाली, घाबरतात. तिला पॉलिटिक्स कळत नाही.

९ मार्च
मेहुण्याचा फोन. त्याचा सलाइनच्या बाटल्यांचा कारखाना. प्लास्टिकचा दाणा बाहेरून येतो, रोज महागतोय. घर गहाण टाकून आत्ताच भरून ठेवू का, विचारत होता. म्हटलं, वेडा आहेस का? गुरुवारी साहेब बोलले की चलन सावरेल, भाव उतरेल. आतली बातमी आहे.

१३ मार्च
बोलले! माझ्या भाषणातलं फक्त 'नमस्कार' उरलं होतं. बाकी सगळं 'काळजीचं कारण नाही'. संध्याकाळपर्यंत चलन आणखी घसरलं. साहेब म्हणाले, लोकांना कडू औषध एकदम देऊ नये. विचार खोल आहे.

२० मार्च
अर्थसचिव बाईंचा राजीनामा. उतावीळ बाई. दाणा आता कुठल्याच भावात मिळत नाही. मेहुण्याला म्हटलं, धीर धर. बायकोने बोलणं टाकलंय. लिहायला शांतता मिळते.

२७ मार्च
साहेब टीव्हीवर कागदाशिवाय बोलले. एकदाही अडखळले नाहीत. म्हणाले, "कठोर निर्णय घ्यायची माझी तयारी होती. जवळच्या माणसांनी मला अंधारात ठेवलं."
मग त्यांच्या पीएचा फोन. उद्यापासून येऊ नका. कुठल्या तरी जवळच्या माणसाचं नाव द्यावं लागलं, तुमचं दिलं.
साहेबांवर दबाव असणार. नाहीतर इतकी वर्षं...
नाही. दबाव नव्हता. आवाज अगदी मोकळा होता.

३० मार्च
मेहुणा आला. कारखान्याला कुलूप लावून थेट इकडे. सरकारी हॉस्पिटलमधली ऑपरेशन्स पुढे ढकलली म्हणाला, बाटल्याच नाहीत. आवाज चढवला नाही.
"भाऊजी, साहेबांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तुमच्या शब्दावर थांबलो."
जन्मभर दुसऱ्यासाठी लिहिलं. स्वतःचं एक वाक्य सुचेना. बस म्हटलं.
तो उभाच राहिला.