पिवळ्या भिंतीतलं दार

ती. नीबाल्दोदादास,
धाकट्या एल्सीराचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर बसचा क्लच दाबणाऱ्या माणसाने लोकरीची पट्टी उन्हाळ्यातही सोडू नये, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही, तेव्हा पट्टी सोडलेली आहे असं धरून चालते. यास्नावहिनींना सांग, त्यांनी पाठवलेला कालाफातेच्या बोरांचा मुरंबा संपला. बाबांनी बरणी धुवून खिळे ठेवायला घेतली, म्हणजे आवडला. (कोणी पाठवला ते विचारलं नाही. तुमच्या पुंता अरेनासच्या पत्त्याची चिठ्ठी बरणीवर होती, ती मात्र भिजवून, नखाने नीट सोडवून काढली.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी संध्याकाळ जाते.

बाबांची तब्येत उत्तम. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस इतका उत्तम असावा का, असं वाटण्याइतकी उत्तम. गेले चार दिवस ते घरातून खिडकीने येजा करत आहेत.

आता सुरुवातीपासून सांगते. आपल्या टेकडीवर जानेवारीत रस्त्यावरच्या कलांचा महोत्सव भरतो, तो तू असताना नव्हता. तीन दिवस प्रत्येक जिन्यावर नाटक, प्रत्येक चौकात कोणीतरी काठ्यांवर चालतंय, आणि भिंती रंगवणारी मुलं तर आधीपासूनच मुक्कामाला. यंदा समितीची माणसं आपल्याकडे आली. म्हणाली, या घरात सर्कशीतले विदूषक तोनी तापोन राहतात, आम्हाला दर्शनी पत्र्यावर त्यांचं चित्र काढायचंय, वीस फुटी, विदूषकाच्या पूर्ण वेषात. बाबा तेव्हा खोकल्याने आत झोपून होते. त्यांना अचानक आनंद द्यावा म्हणून (हे मी समितीला सांगितलेलं कारण) मी त्यांना न विचारता सही केली.

चित्र काढणारी रायेन नावाची मुलगी, कन्सेप्सिओनहून आलेली, कामाला वाघ. पाच दिवस शिडी-फळ्या बांधून ती पत्र्याला चिकटलेली. बाबा आतून विचारत, "काय ठोकाठोक चाललीय?" मी सांगे, पत्र्याची डागडुजी. शुक्रवारी सकाळी त्यांना बरं वाटलं, टोपी घालून ते पाव आणायला निघाले, रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं. समोर ते स्वतः. लाल नाक, चौकड्यांचा कोट, आणि दोन प्रचंड बुटांच्या मधोमध आपलं दार. चित्रामागची सगळी भिंत पिवळी. लिंबासारखी नाही, अंड्याच्या बलकासारखी, कौलांपासून पायरीपर्यंत.

सर्कशीत पिवळं म्हणजे अपशकुन, हे तुला सांगायला नको. पिवळा स्वेटर घालून आलेल्या बाईंना स्वतःचा कोट पांघरायला लावल्याशिवाय ज्याने खेळ सुरू केला नाही, त्या माणसाला आम्ही पिवळ्या घरात ठेवलं होतं. ते आधी जाऊन पाव घेऊन आले. मग तो छातीशी धरून समोरच्या एदुविनाकाकूंकडे गेले आणि दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. मी बोलवायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, शिकलीस तेवढं बास झालं. तुझ्या बापाला घरात कसं न्यायचं ते सांग. मला संध्याकाळी बहिणीकडे जायचंय."

रायेनच्या डोळ्यांत पाणी. तिने हात जोडले नाहीत इतकंच. बाबा तिला मात्र गोड बोलले. "चित्र छान आहे, पोरी. नाक माझंच आहे."

"मग रंगाचं काय एवढं, आजोबा? सूर्यसुद्धा पिवळा असतो."

"म्हणून तर मी त्याच्याकडे बघत नाही."

शेवटी त्यांनीच तोड काढली. गल्लीच्या जिन्याकडची स्वयंपाकघराची खिडकी घराच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिकडे अजून जुना हिरवा रंग. तळघरातून आपली खेळातली शिडी काढायला लावली (तीच, लाल पट्ट्यांची), मला खाली उभं केलं आणि चढायला लागले. नेमकं त्याच वेळी वरच्या चौकातलं नाटक सुटलं. तीसेक माणसं जिना उतरत होती, ती थांबली. चौथ्या पायरीवर बाबांना ते कळलं. दादा, त्यांची पाठ बदलली. मी खालून पाहिलं. आजारी म्हाताऱ्याची पाठ होती ती तोनी तापोनची झाली. त्यांनी पाव दातात धरला, टोपी काढून नमस्कार केला, एक पाय हवेत विसरल्यासारखा ठेवला. टाळ्या.

शनिवारी सकाळी समितीच्या फलकावर खडूने लिहिलेलं होतं, "खिडकी. अकरा आणि पाच वाजता." मी जाऊन जाब विचारणार होते, पण पावणेअकराला बाबा मिशीला तेल लावत होते. अकराला शंभर माणसं. सान्तियागोच्या एका प्राध्यापकांनी शेजारणीला समजावलं की हे वार्धक्याचं रूपक आहे, आपल्याच घराचं दार परकं होतं ते. एका मुलीने मला विचारलं, तुम्ही कुठल्या मंडळाच्या? मी म्हटलं, घरच्या. तिने ते लिहून घेतलं. बाबांना नव्या सर्कशीबद्दल कोणीतरी मत विचारलं. "चांगली आहेत पोरं. फक्त कोणी पडत नाही आणि कोणी हसत नाही," म्हणाले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. रोजनिशीत दोनदा लिहून खोडलं. समितीने मला दाखवलेला कागद रंगीत होता. पिवळं मी पाहिलं होतं. सही करताना मला नीट माहीत होतं. मनाला सांगितलं की शेहेचाळीस वर्षांच्या भूगोलाच्या शिक्षिकेने असल्या गोष्टी मानू नयेत. पण न मानणाऱ्याने ते बाबांना आधी विचारलं असतं. मला आठवत होता तो कॉलेजच्या निरोपाच्या दिवसाचा पिवळा पोशाख, जो बाबा चालवून घेणार नाहीत म्हणून मी काकूंच्या घरी चोरून घातला होता. इतक्या वर्षांनी मला ते न झालेलं भांडण जिंकायचं होतं, आणि तेही बाबा खोकत असताना. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि दुसरं. शनिवारी पाचच्या खेळाला जिना कोणीतरी धुतला होता. बाबा खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचले आणि शिडीचा पाय सरकला. वीतभर. ते दोन्ही हातांनी चौकटीला लटकले. लोक इतके हसले, इतके हसले, की मला क्षणभर तो खेळाचा भाग वाटला. मग मी पाय जागेवर ढकलला आणि ते आत गेले. आत जाऊन पाहते तर खुर्चीवर बसलेले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं लक्ष लोकांकडे होतं." खरं होतं ते. मी माणसं बघत होते, किती जमलीत ते. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर नाक मुरडलं, ती मला दोन दिवसांत आवडायला लागली होती, आणि तेवढ्यात माझा बाप पडला असता. तू बारा वर्षं त्या शिडीखाली उभा राहिलास, तेव्हा कधी वर बघितलंस का लोकांकडे? मला तर तुझी मान नेहमी खालीच आठवते, हात आणि शिडीचे दोन पाय.

असो. तू काळजी करू नकोस. सगळं आटोक्यात आहे. सहा वर्षांपूर्वी खेळ सोडून, बसची नोकरी धरून तू गेलास, बाबांनी पाठ फिरवली, त्यात तुझं काही चुकलं असं मी कधीच मानलं नाही, आणि तू यावंस असंही मी लिहीत नाहीये. कामाच्या माणसाला एवढ्या लांबून बोलावणं बरं नाही. वहिनींना सप्रेम नमस्कार. पट्टी बांध.

तुझी,
एल्सीरा

ता. क. रविवारी रायेनने दिवसभर खपून सगळं पिवळं निळं केलं. सोमवारी सकाळी बाबांनी रस्त्यापलीकडून बराच वेळ पाहिलं, जवळ येऊन बोट लावून रंग वाळल्याची खात्री केली आणि तिला म्हणाले, "आता मी जरा देखणा दिसतो." दारातून आत आले. पाव ठेवला. मग पुन्हा बाहेर जायला खिडकी उघडली.

ता. क. २. महोत्सव संपला, पाहुणे गेले, गल्लीत फक्त एदुविनाकाकू आणि दोन कुत्री असतात. तरी अकराला ते चढतात. मी विचारलं, दार आहे ना आता? म्हणाले, "दारातून काय, कोणीही जातं." मी शिडी धरायला नाही म्हटलं तर ते एकटेच चढतील, म्हणून धरते. मान आता खाली असते. माझीही.

ता. क. ३. फेब्रुवारीत तुझी रजा किती दिवसांची असते?

ता. क. ४. पाकीट चिकटवायच्या आधी सगळं पत्र बाबांना वाचून दाखवलं, रंगीत कागदाच्या कबुलीचा भागसुद्धा. तो ऐकून म्हणाले, तो पोशाख त्यांनी काकूंच्या खिडकीतून तेव्हाच पाहिला होता. बाकी एकच दुरुस्ती सांगितली. शिडी वीतभर नाही, चार बोटं सरकली होती. तिसऱ्या ता. क.ला काही दुरुस्ती सांगितली नाही. तो त्यांनी दोनदा वाचायला लावला.