मापाचं पाणी

२ मार्च, रविवार

गच्चीवर आता एकोणीस भांडी. रंगाच्या बादल्या बारा, ग्रोबॅग पाच, एक फुटका माठ, एक जुना कुकर. पालक पाचव्या दिवशी उगवला. कोथिंबीर अजून नाही — धणे नीट रगडले नव्हते बहुतेक.

शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं नोंदी ठेवल्या, तशाच इथे ठेवायच्या. रोपाला काय झालं तेवढंच. माझं नाही.

५ मार्च

डायलिसिस. नोंद नाही.

११ मार्च

चार दिवसांनी नळाला पाणी आलं. टाकी भरली. सगळ्या भांड्यांना मिळून रोज संध्याकाळी बावीस तांबे लागतात. डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, त्या हातानं वजन उचलायचं नाही. म्हणून बादली नाही, उजव्या हातानं एकेक तांब्या.

माझं पाणी दिवसाला एक लिटर, चहा-आमटीसकट. किडन्या गेल्यापासून हेच माप. बायको, भुवनेश्वरी, सकाळी बाटली भरून ठेवते. आज दुपारी चारलाच संपली. झाडांना घालताना तांब्यात बघत नाही.

२३ मार्च, रविवार

पालकाची पहिली जुडी. मला चालत नाही. पालक, टोमॅटो, नारळपाणी — सगळ्यात पोटॅशियम. बाकीच्या भाज्याही उकळून, पाणी फेकून. "मग लावता कशाला?" भुवनेश्वरीनं विचारलं. जुडी शेजारच्या शिवम्मांना दिली.

६ एप्रिल

मैंदर्गीहून अक्का आली. नागम्मा — माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पदरात अंबाडीच्या बियांची पुडी. गच्चीवर जाऊन एकेक भांडं बोटानं उकरून बघितलं. "माती लई दाबलीस की. मुळ्यांना वारा कुटनं मिळायचा?" दुपारभर सगळी भांडी खुरपत बसली. मी सावलीतून बघत होतो.

जेवताना भाकरी मागावी तसं म्हणाली, "डॉक्टरला इचार, माजी किडनी चालंल का तुला."

मी नको म्हणालो. तिनं आमटी वाढून घेतली.

१५ एप्रिल

बेचाळीस अंश. हिरवी जाळी बांधली. अंबाडी उगवली. मिरचीवर मावा — साबणाचं पाणी फवारलं.

२७ एप्रिल, रविवार

भुवनेश्वरीचा रक्तगट जुळत नाही, हे मागच्या वर्षीच कळलं होतं. आज म्हणाली, "अक्का स्वतः देते म्हणतात. तुमचं अडतंय कुठं?"

तिला सांगितलं नाही. इथे लिहितो. वडील गेले तेव्हा मी अक्काकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर झाली. ती विकून हे घर बांधलं, ही गच्चीसुद्धा. कचेरीत मी बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. काय लिहिलंय, विचारलं नाही. आता पुन्हा तिच्याकडूनच घ्यायचं?

९ मे

दोन दिवस दवाखान्यात होतो. पोटॅशियम वाढलं.

मंगळवारी भरदुपारी गच्चीवर चार टोमॅटो खाल्ले. तहान सहन होत नव्हती. उन्हानं कोमट झालेले, तरी रसाचे. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी भुवनेश्वरीला विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मीच सांगितलं. आज घरी आल्यावर ती वर गेली आणि टोमॅटोची तिन्ही झाडं उपटून टाकली.

११ मे

अक्का आणि तिप्पण्णा दाजी आले. भुवनेश्वरीनंच फोन केलेला. दाजींच्या समोर बोलून टाकलं — "अक्का, तुझी जमीन मी आधीच खाल्ली. आता हे नको."

"सुम्ने कूड," म्हणाली. गप बस. मग म्हणाली, "जमीन मी दिली न्हाई, शिवू. तू मागितलीस, मला न्हाई म्हणता आलं न्हाई. लई राग हुता. वरीसभर तुज्याकडं आले न्हाई — काम हाय म्हनून सांगत हुते. काम कसलं?"

मला वर बघवेना.

"हे तू मागितलं न्हाईस," ती म्हणाली. "हे मी देते. दोनी येगळं हाय."

दाजी म्हणाले, "हिनं ठरीवलं की माजं कोण ऐकतंय?"

मी हो म्हणालो का, आठवत नाही. नाही म्हणालो नाही.

१७ जून

अक्काच्या तपासण्या झाल्या. जुळतंय. पुण्याच्या दवाखान्यात किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीनं तिला एकटीला बसवून विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? "व्हय की," म्हणाली, "मी केली. त्यो तयारच हुईना." साहेब हसले म्हणे. मग तिघांनी पुन्हा तेच विचारलं.

वांग्याला फळ धरत नाही. फुलं गळतात.

८ जुलै

उद्या निघायचं. पालक संपला, नवीन पेरला नाही. गच्चीची चावी शिवम्मांकडे. अंबाडी त्यांनाच तोडायला सांगितली. बाकी काही लिहायला सुचत नाही. भीती वाटते. अक्का हॉलमध्ये घोरत पडलीय.

१८ जुलै, पुणे

शुद्धीवर आलो तेव्हा नर्स खाटेला लावलेली पिशवी मापत होती. लघवी सुरू झालीय म्हणाली. दीड वर्षानं.

अक्का पलीकडच्या वॉर्डात. भुवनेश्वरी जाऊन सांगून आली — "अक्का, तुमचा भाऊ मुतला." टाके दुखेपर्यंत हसली म्हणे.