बिनभोकाचा सिकाडा

सातवा महिना, तिसरा दिवस

दिला! ह्यांनी तिला दिला! तोही साधासुधा नाही — फान कारागिराकडून खास घडवून घेतलेला. पांढऱ्या जेड दगडाचा सिकाडा, उन्हाळ्यात झाडावर किर्र ओरडणारा तो किडा, डोक्याशी भोक, त्यात लाल दोरी. लीरोंग तो कमरेला बांधून दिवसभर अंगणात मिरवतेय. "ताई, बघा ना, पंख कसे कोरलेत!" बघितले. डोळे आहेत मला. तिच्या जन्माआधीपासून या घराची चूल मी सांभाळतेय, आणि दागिना आला धाकट्या सवतीला!

पाचवा दिवस

जेवले नाही. ह्यांना कळलंसुद्धा नाही.

नववा दिवस

आज मलाही दिला. रेशमात गुंडाळलेला, मोठा, अंगावर हिरवी रेघ. मी वेडी, हरखून गेले. दोरी ओवायला बसले तर भोकच नाही!

बिनभोकाचा सिकाडा कुठं ठेवतात हे लोयांगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेलेल्याच्या जिभेवर! हा किडा मातीतून जिवंत वर येतो, तसं माणसानंही यावं म्हणून. म्हणजे तिनं कमरेला मिरवायचा, आणि मी तोंडात धरून मातीत जायचं! "जपून ठेव. आत्ता लागायचा नाही," म्हणाले. पुढं काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. मी थांबलेच नाही.

दहावा दिवस

फानकडे जायची लाज वाटली. बाजारातल्या दुसऱ्याच कारागिराकडे गेले. त्यानं सिकाडा उलटसुलट करून पाहिला. "बाईसाहेब, नक्की ना? हा तर—"

"पाड म्हटलं ना!"

पाडलं भोक. आता माझ्याही कमरेला आहे. लीरोंग बघतच राहिली. जळू दे!

सोळावा दिवस

ह्यांचा खोकला वाढलाय. अंथरुणातून माझ्या कमरेकडे बघत होते, बराच वेळ. मग भिंतीकडे कूस बदलली. बरी जिरली, असं वाटलं मला.

आठवा महिना, दुसरा दिवस

हे गेले.

फान म्हातारा ह्यांच्या जिभेवर ठेवायचा सिकाडा घेऊन आला. तसाच, हिरव्या रेघेचा. "एकाच दगडाचे दोन केले, बाईसाहेब. मालक म्हणाले, वर यायचं तर दोघांनी बरोबर यायचं. तुमचा नीट ठेवलाय ना?"

मी बाही कमरेवर ओढून घेतली.

"ठेवलाय," म्हणाले.