निजलेला दूत आणि ताईचा गुडघा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा बदलायचा ठरल्यावर तू मृत्युपत्र लिहायला घेतलंस आणि त्यात मला फक्त इस्त्री ठेवलीस, हे वाचून गहिवरलो. ऑपरेशनची नाही, नंतरच्या दुखण्याची धास्ती आहे म्हणतेस, म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारलं. आता ती भूलतज्ज्ञ आहे. संस्कृतात काठावर पास होती. ती म्हणाली, हल्ली नर्व्ह ब्लॉक देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर नस शोधून तिच्याभोवती बधिर करणारं औषध सोडतात. मग गुडघा कितीही आक्रोश करो, वार्ता मेंदूच्या दरबारी पोचत नाही. दूतालाच वेशीवर निजवलेलं! तेव्हा निर्धास्त जा. तुझं शिलाई मशीन आणि खोळंबलेली गिऱ्हाइकं वाट पाहताहेत.

सूनबाईंना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ मृत्युपत्रात तरी वाढवावा.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

काल नवा गुडघा बसला. आज वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आले. दुखणं नावालाही नाही! नर्सबाई गोळ्या घेऊन मागे लागतात, दुखायच्या आधीच घ्या म्हणतात. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. न दुखणाऱ्या पायाला गोळ्या कशाला? चष्म्याच्या डबीत साठवतेय. सूनबाईला कळू देऊ नकोस.

व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत गुडघा नव्वद अंशांत वाकायला हवा, नाहीतर आखडेल आणि मशीनचं पायडल विसरा. मी म्हटलं, बघाच तुम्ही.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार (माझे गुडघे टेकतात अजून).

तुझं पत्र आज आलं आणि चष्म्याच्या डबीपाशी मला घाम फुटला. लगेच सूनबाईंना फोन लावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. परवा सकाळी ब्लॉकचा असर उतरला, पोटात एक गोळी नाही, आणि तू सर्जनना म्हणे जुनाच गुडघा परत बसवायला सांगितलंस. व्यायामाच्या बाईंना हाकललंस आणि तेव्हापासून पाय हलवलेला नाहीस.

चूक माझी. ब्लॉक दिवस-दीड दिवस टिकतो, आणि तो उतरायच्या आधीच गोळ्या सुरू हव्यात, हे विद्यार्थिनीने स्पष्ट सांगितलं होतं. मी दूताला निजवण्यात इतका रंगलो की तो जागा कधी होतो ते लिहायचंच राहिलं. तीस वर्षं पोरांना सांगतोय, उपमा कमी करा, अर्थ लिहा!

डबीतल्या गोळ्या नर्सबाईंना परत कर. आता त्या देतील ती गोळी देतील त्या वेळेला घे, आणि ती लागू पडली की व्यायाम. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण गुडघा वाकव.

क्षमा आणि लोभ, दोन्ही मागणारा,
धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. भावास आशीर्वाद. पंडित ही पदवी काढून घेतली आहे.

रोज घड्याळाकडे बघून गोळी, मग व्यायामाच्या बाई. पहिल्या दिवशी साठ अंश. मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या, त्या हसत राहिल्या. मग सत्तर. मग तीन दिवस सत्तरच. रडले रे, पण पाय सोडून दिला नाही. आज त्यांनी कोनमापक लावला आणि ब्याण्णव म्हणाल्या. मी पुन्हा लावायला सांगितलं. ढिलं माप मी गिऱ्हाइकाचंसुद्धा घेत नाही. पुन्हा ब्याण्णव. दुपारी पायडलवर पाय ठेवून चार टाके घातले. कापडाशिवायच, नुसता आवाज ऐकायला.

डॉक्टरांकडून दुसऱ्या गुडघ्याची तारीख घेतली आहे, जूनमधली. तेव्हा आठ दिवस सुट्टी काढ. पत्र पाठवू नकोस, तूच ये.

वाट बघणारी,
ताई